दोन पंगतींमधला गडवा

मी एक जुना दगडी गडवा आहे. माझे दोन कान होते, त्यातला एक उडाला आहे. मित्रांनो, मला उचलून पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा भांड्याला एवढे वजन कशाला? पण मी मातीचा नाही आणि तांब्याचाही नाही. यरुशलेमजवळच्या एका टेकडीतल्या मऊ पांढऱ्या दगडातून मला कोरून काढले. तिथल्या यहूदी घरांत दगडी भांड्यांना फार मान असे. मातीचे मडके विटाळले की फोडून टाकत. दगडाला विटाळ लागत नाही, असे त्यांचे शास्त्र होते. म्हणून शफिराच्या वडिलांनी लेकीच्या लग्नात मला आहेर म्हणून दिले. तेव्हापासून त्या घरात जेवायच्या आधी प्रत्येकाच्या हातावर माझ्यातूनच पाणी पडू लागले.

शफिराच्या नवऱ्याचे नाव सादोक. उंच, हडकुळा माणूस. आवाज मात्र असा की बाजारातले लोक भाव करायचे थांबून ऐकत. नासरेथच्या येशूला मानणाऱ्यांपैकी तो होता. यरुशलेमच्या मंडळीने त्याला प्रेषित नेमून उत्तरेच्या अंत्युखिया शहरात धाडले. काम ठरलेले होते. तिथल्या यहूद्यांना सांगायचे, की आपण ज्या तारणाऱ्याची वाट पाहत होतो तो येऊन गेला. सांगायचे ते फक्त यहूद्यांना. शफिराने मला लोकरीच्या शालीत गुंडाळले आणि आम्ही गलबतात बसलो.

अंत्युखियाच्या यहूदी सभास्थानात सादोक दर शब्बाथला, म्हणजे त्यांच्या कामबंद विसाव्याच्या दिवशी, बोले. म्हातारे डोळे पुसत. बाहेर भिंतीला टेकून एक परकी, म्हणजे यहूदी नसलेली, जोडी ऐकत उभी असे. गोर्गस आणि त्याची बायको निसा. गोर्गस ओरोंतेस नदीवर होडी चालवी, लोकांना या काठावरून त्या काठावर सोडी. त्यांची लेकरे एकामागून एक गेली होती. त्यांच्या देवांना नवस करून दोघे थकले होते.

एकदा विहिरीवर निसाने धीर करून विचारले, "गुरुजी, त्या माणसाचं आम्हाला कधी सांगणार?"

सादोकने तिचा स्पर्श होऊ नये म्हणून झग्याचा काठ आवरून घेतला. "बाई, मला आमच्या लोकांकडे पाठवलंय. ते तुझ्यासाठी नाही."

निसा घागर उचलून गेली. पुढच्या शब्बाथला दोघे पुन्हा भिंतीशी येऊन उभे राहिले.

हळूहळू सभास्थानात दोन तट पडले. भावाभावांत बोलणे बंद झाले. वडीलधाऱ्यांनी सादोकला समजावले, दटावले, हात जोडले. तो ऐकेना. शेवटी एका दुपारी त्याला खांबाला बांधले आणि चामड्याच्या पट्ट्यांनी त्याची पाठ फोडली. त्याच्या बोलण्याने ज्यांचे डोळे भरून येत, ते हात बांधून बघत उभे राहिले. दोर सोडल्यावर तो मातीत पडला, तरी कोणी पुढे झाले नाही.

गोर्गस पुढे झाला. त्याने सादोकला पाठीवर टाकले आणि भर बाजारातून घरी आणले. दारात शफिरा उभी होती. तिच्या उंबरठ्याच्या आत परक्या माणसाने आजवर पाऊल टाकले नव्हते.

"आत आणू का इथंच ठेवू?" गोर्गस धापा टाकत म्हणाला. "काय ते लवकर सांगा, बाई. तुमचा माणूस हडकुळा दिसतो, पण जड आहे हो!"

"आत या," शफिरा म्हणाली.

त्या दिवशी माझ्यातले पाणी सादोकच्या पाठीवर पडले आणि लाल होऊन जमिनीवर वाहिले. गोर्गस त्याचे खांदे धरून बसला होता. सादोक ओरडला की तो म्हणे, "ओरडा गुरुजी, ओरडा. आवाज शाबूत आहे म्हणजे माणूस शाबूत आहे."

पाठीवरच्या खपल्या पडल्या तेव्हा सादोक बदलला होता. "माझ्या लोकांनी मला मातीत टाकलं, परक्यानं उचललं," तो शफिराला म्हणाला. "देवानं याहून मोठ्यानं कसं सांगायचं? आता मी यांच्याकडे जाणार."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते हेच. सादोक परक्यांना नदीत उभे करी आणि येशूचे झाल्याची खूण म्हणून माझ्यातून त्यांच्या डोक्यावर पाणी ओती. गोर्गस आणि निसा पहिले. मग होडीवाले, कोळणी, दोन गुलाम, एक कासार. काही यहूदीही आले. गोर्गसच्या अंगणात सगळे एका पंगतीला बसत. निसा मसुराची आमटी आणि भाजलेले मासे करी. सादोक तिच्याच हातून पाणी घेई, गोर्गसच्याच ताटात भाकरी बुडवी.

"पहिल्यांदा माझ्या होडीत बसायलासुद्धा तयार नव्हते गुरुजी!" गोर्गस हसे. "आता ताटातला मासाही ठेवत नाहीत माझ्यासाठी."

"काटे ठेवतोय की," सादोक म्हणे, आणि सगळे अंगण हसे.

मग यरुशलेमहून माणसे आली. त्यांचा पुढारी हनमेल. सादोक आणि तो एकाच गुरूपाशी शिकलेले. हनमेल वाईट माणूस नव्हता. त्याच्या कपाळावर ताजा व्रण होता. तो सादोकला बाजूला घेऊन म्हणाला, "तू इथं परक्यांच्या ताटात हात घालतोस आणि तिथं आमची डोकी फुटतात. 'तुमचे प्रेषित बाटले' म्हणून लोक आमच्या पोरांना रस्त्यात गाठून मारतात. मंडळीत तुझं नाव काढायची चोरी झालीय. बाबा रे, तू ठरव. आमचा आहेस का त्यांचा?"

त्या दिवशी जेवणाची वेळ झाली. पाने मांडली. निसा नेहमीसारखी मला घेऊन सादोकपुढे वाकली. त्याने सवयीने हात पुढे केले. तेवढ्यात हनमेलने त्याच्याकडे पाहिले. सादोकने हात मागे ओढले. पाणी त्याच्या पायांवर आणि मातीत सांडले. तो उठला. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला हनमेल बसला होता, तिथे जाऊन बसला. एकेक करून बाकीचे यहूदीही उठून गेले. मधे मोकळी जमीन राहिली.

"पाण्यात काही पडलंय का?" निसाने माझ्यात डोकावून विचारले. तिला अजून कळले नव्हते.

शफिरा मात्र उठली नाही. ती दोन्ही पंगतींच्या मधे, मातीत तशीच बसून राहिली. "अहो," ती नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "यानं तुम्हाला पाठीवरून आणलं."

सादोकने मान वर केली नाही.

गोर्गस पलीकडे चालत गेला. भोळा माणूस, त्याला वाटले, आपलेच काही चुकले असेल. "गुरुजी, तुमच्या शेजारी बसायला मी काय करू?"

उत्तर हनमेलने दिले. "सुंता करून घे. आमचा हो. मग कोण उठवतं तुला?"

"या वयात?" निसा ओरडली. "गुरुजी, तुम्ही सांगा ना काहीतरी! पाण्यात उतरलो की झालं, असं म्हणाला होता ना?"

सादोक बोलला असता तर गोर्गसने ऐकले असते. आख्ख्या शहरात गोर्गस त्याच एका माणसाचे ऐकत होता. पण ज्या आवाजाने बाजार थांबे, तो आवाज त्या दिवशी निघाला नाही.

गोर्गसने सुंता करून घेतली. सादोक तिथे हजर होता. त्याने गोर्गसला छातीशी धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बघा, याला म्हणतात श्रद्धा!" गोर्गसचा चेहरा पांढरा पडला होता, पण तो हसला. त्या दिवशीच्या जेवणाला तो सादोकच्या शेजारी बसला. निसा आणि बाकीचे परके त्या मोकळ्या जमिनीपलीकडे होते. त्याला घास गिळवला नाही.

नंतर सादोक हनमेलबरोबर यरुशलेमला गेला. परक्यांचे काय करायचे, याचा निवाडा तिथे होणार होता.

इकडे जखम चिघळली. गोर्गसला होडी वल्हवता येईना. तो घाटावर फेंगडत गेला की जुने सोबती टर उडवत. "गोर्गस, आता कोणत्या काठाचा रे तू?" "अरे, तो मधल्या पाण्यातला!" एकाने त्याच्या होडीचा दोर सोडून दिला आणि ती वाहत जाताना सगळे टाळ्या पिटत राहिले.

शफिरा रोज मला घेऊन येई. मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुई. पहिल्या दिवशी निसाने तिला दारात अडवले. "तुमच्या देवाचं झालं का समाधान? का अजून काही कापायचंय?" शफिराने ऐकून घेतले आणि पाणी तापवायला चूल पेटवली. तापात गोर्गस बडबडे, "गुरुजी आले का? जागा ठेवा त्यांना." तो तसाच बडबडत मेला.

त्याचे भाऊबंद आले नाहीत. "कापलेला यहूदी आमच्या पुरण्याच्या जागेत नको," म्हणून त्यांनी निरोप धाडला. यहूद्यांच्या दफनभूमीचा राखणदार म्हणाला, "सादोकचा माणूस आमचा कसा?" त्या दोन बायकांनीच प्रेत धुतले आणि नदीकाठच्या गाळात खड्डा खणला. तिथे कुणाची हरकत नव्हती, कारण पुराला भिऊन ती जागा कुणालाच नको होती.

वसंतात सादोक परतला. बंदरावरून तो थेट सभेत आला, धुळीने माखलेला आणि आनंदाने वेडा झालेला. "निवाडा झाला!" तो ओरडला. "परक्यांवर कसलंही ओझं नाही! सुंता लागत नाही. खरं तर ती कधी लागतच नव्हती!"

लोकांनी जयघोष केला, एकमेकांना मिठ्या मारल्या. मागे बसलेली निसा त्या गर्दीत तेवढी बसूनच राहिली.

"गोर्गस कुठाय?" सादोक गर्दीत शोधत म्हणाला. "आज त्याच्या ताटात जेवणार मी."

सगळे निसाकडे वळून पाहू लागले. शफिरा म्हणाली, "नदीकाठी आहे. तिथं ताट नाही."

 सादोक गुडघ्यांवर निसापर्यंत गेला. "पोरी, मला माफ कर."

"तुमच्या देवानं केलं का माफ?" निसाने विचारले.

"तो दयाळू आहे."

"मग झालं की. मला कशाला विचारता?" ती उठून घरी गेली.

सादोक खरेच रडला. पण मित्रांनो, रडून मोकळा झालेला माणूस फार लवकर बोलू लागतो. थोड्याच दिवसांत गोर्गसची गोष्ट त्याच्या प्रवचनात आली. मी कसा चुकलो, कसा पस्तावलो, हे तो इतके सुरेख सांगे की ऐकणाऱ्यांना गोर्गसपेक्षा त्याचाच कळवळा येई. मग तो उत्तरेच्या डोंगराळ मुलखात निघाला, फक्त परक्यांना सांगायला. त्याने मला मागितले.

"गडवा माझ्या बापाचा आहे," शफिरा म्हणाली, "आणि मी येत नाही."

ती मला घेऊन निसाकडे राहायला गेली. पहिली काही वर्षे त्या भांडल्या. निसा रागाच्या भरात ताट आपटे, शफिरा गप्प राहून तिला आणखी चिडवी. पुढे भांडणाची धार गेली. शफिरा तिचा शब्बाथ पाळी, निसा त्या दिवशी चूल सांभाळी. एका तपेलीतले दोघी जेवत. हे पाहायला कोणी आले नाही आणि यावर कोणी प्रवचनही केले नाही.

दोघी म्हाताऱ्या झाल्या. मंडळी वाढली, बहुतेक सगळे परकेच. उत्तरेहून सादोकचा एक तरणा शिष्य पुढारी होऊन आला. सणाच्या पंगतीत शफिरा नेहमीच्या जागी बसली, तसा तो म्हणाला, "आजी, तुम्ही अजून शब्बाथ पाळता ना? जुन्या रीतीच्या लोकांनी पलीकडं बसायचं. सादोकगुरुजींचीच शिकवण आहे, जुन्या पाण्यात नवं पाणी मिसळू नये."

त्याला ती कोण हे ठाऊक नव्हते. कोणी सांगितलेही नाही. शफिरा हळूहळू उठली, काठी टेकत पलीकडे गेली आणि भिंतीशी एकटी बसली. दोघे-चौघे हसले.

निसा मला हातात धरून उभी होती.  त्या हनमेलचा, त्या सांडलेल्या पाण्याचा सूड घ्यायचा तर आज काही करायची गरजच नव्हती. नुसते बसून राहायचे होते.

ती चालू लागली.

"म्हातारे, तिकडं गेलीस तर इकडं जागा राहणार नाही," शिष्य म्हणाला.

"ठेवू नकोस," निसा म्हणाली.

"तिकडं आम्ही वाढत नाही."

निसा शफिराशेजारी जाऊन बसली. तिने तिच्या हातांवर पाणी घातले, मग आपल्या. हात धुऊन दोघी बसून राहिल्या. त्यांना खरेच कोणी वाढले नाही. सगळी पंगत त्यांच्यासमोर जेवून उठली. मग दोघी उपाशीपोटी घरी गेल्या.

पुढे दोघी वारल्यावर त्यांचे घर रिकामे करताना मी पायरीवर पडलो आणि माझा एक कान उडाला. कोणीतरी मला ओळखले. हा तर प्रेषित सादोकांचा गडवा! तेव्हापासून मी मंडळीच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे. लोक लांबून हात जोडतात. मला शिवायची बंदी आहे. माझ्यात पाणी भरत नाहीत, फक्त धूळ भरते. खाली अंगणात पंगती बसतात आणि दर पंगतीत कोणाला ना कोणाला उठवतात. कारण दर वेळी नवे असते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. उद्या पंगतीला बसाल तेव्हा आधी मान वर करून बघा, भिंतीशी कोण एकटे बसले आहे. तुमच्या ताटात वाढलेले असले तरी उठा. मला कोनाड्यातून खाली काढा, पाण्याने भरा आणि त्याच्याकडे चालत जा.