आखाजीची घागर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली तसा कुंभारवाड्यात घागरींचा ढीग लागला. मेलेल्यांच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, म्हणजे वर गेलेलं माणूस तहानेलं राहत नाही. बेबाबाईच्या घरी यंदा नवऱ्याची पहिलीच घागर. चुडामण गेल्या उन्हाळ्यात पांझरेकाठच्या शेतात उन्हाची लू लागून गेला. सापडला तेव्हा उशाशी मडकं होतं, ठणठणीत कोरडं.

आणि ह्या बयेनं ऐन आखाजीलाच बाप्तिस्मा घ्यायचं कबूल केलेलं!

तोताराम मास्तर धुळ्याहून सायकलीवर येई अन् निंबाखाली शिकवी. देव एकच. माणूस पापी. येशूनं आपलं रक्त देऊन पाप फेडलं. त्याच्यावर विश्वास ठेवला की तारण. नवस, उपास, दानधर्म, कशानंही ते विकत मिळत नाही.

"फुकट?" बेबाबाई पहिल्या दिवशीच फणकारली होती. "फुकटनं तर मी माहेरनं लुगडंबी नही लिधं, मास्तर." पण पुढच्या खेपेला तीच सगळ्यांच्या आधी येऊन बसली.

दुपार झाली, गल्ली निजली, की तिच्या ओट्यावरून हाक येई. "बेबे, पाणी." चुडामणचाच घोगरा, लाजरा आवाज. ती तांब्या भरून दार उघडी. ओट्यावर नुसतं ऊन.

धाकटी जाऊ कमलबाई टोमणा मारायला टपलेलीच. "अक्का, बठ्ठा गाव घागर भरस. तू नवराले तहानेलाच ठेवशी का?"

"तू सासूनी घागर भर आधी. जिती व्हती तवय तांब्याभर देतांना तुना हात दुखे."

जाऊ तोंड वाकडं करून गेली, पण काटा रुतवून. बेबाबाई तडक निंबाखाली गेली.

"मास्तर, बाप्तिस्मा लिधा म्हणजे घागर बंद?"

"बंद, बाई. मेलेला पाणी प्यायला येत नाही. येशू पुन्हा येईल, तुतारी वाजेल, मेलेले उठतील, न्याय होईल. तोवर आपल्या हातचं त्यांना काही पोचत नाही."

"मंग मना माणूस कोठे शे?"

मास्तरनं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. गोड खोटं बोलला असता तर तिनं त्याला सायकलीसकट पांझरेत लोटला असता. "शेवटच्या घटकेला त्याच्या मनात काय होतं ते देवाला ठाऊक. देव न्यायी आहे. त्यापुढचं मला माहीत नाही."

"अन् त्यानी तहान?"

 मास्तर हळूच म्हणाला, "प्रभूलाही मरताना तहान लागली होती, बाई. लोकांनी त्याच्या ओठाला आंब, आंबट शिरका, लावली."

"मरता माणूसले आंब?" बेबाबाई ताडकन उठली. "त्या गावमा एक बाई नव्हती का पाणी पाजाले?"

घरी जाताना तिचं मन ठरलं. ज्यानं कधी कोरडा घसा पाहिला नाही अशा देवाच्या हवाली तिनं चुडामण केला नसता. ह्याच्या हवाली करता येईल.

आखाजीला बायका घागरी भरत होत्या, तेव्हा ती डोहात कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. मास्तरनं विचारलं, येशूवर विश्वास आहे का? "शे! विश्वास शे!" काठावरच्या कमलबाईला ऐकू जावं एवढ्यानं ती ओरडली. मास्तरनं तिला पाण्याखाली नेली, वर काढली.

दुपारी दारोदार घागरी मांडलेल्या. हिचा ओटा मोकळा. ती भिंतीला पाठ लावून, मुठी आवळून बसली. हाक आलीच.

"पाणी."

"प्रभू, तू पहाय त्याले," ती पुटपुटली. "तहान काय ते तुले ठाऊक शे. मी नही उठाव."

ओट्यावर क्षणभर शांत झालं. मग पुन्हा, दाराच्या अगदी जवळून, "पाणी."

बेबे म्हणालं नाही कुणी. घोगरेपणाही नव्हता त्यात. आयुष्यात कधी न ऐकलेला आवाज होता तो, सुकून गेलेला.

 बेबाबाई उठली. तांब्या भरला. कडीवर हात ठेवून ती उभीच राहिली. दार कुणाला उघडायचं, चुडामणला का ओठाला आंब लावलेल्याला, तेच तिला कळेना.