विंचवाचा काढा

चारुदत्तला रिचीचा जीव घ्यायचा होता, पण डोकेदुखी आड येत होती.

सत्त्याऐंशी साली न्यू जर्सीतल्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये रिचीसह तिघांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, नीलाला गाठलं. तिच्या कपाळावरच्या कुंकवावरून शिव्या दिल्या, मग बॅट चालवली. नीला जागीच गेली. चारुदत्तच्या मानेवर फटका बसला आणि तेव्हापासून डोकं धरलं ते धरलंच. पुढच्या वर्षी खटल्यात वकिलाने विचारलं, बॅट कुणाच्या हातात होती? चारुदत्तच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो तिथेच भडाभडा ओकला, नाव सांगायचं राहूनच गेलं. रिची सुटला आणि पिस्कॅटवेजवळच्या गॅस स्टेशनवर कामाला लागला.

न्यू जर्सीत आपल्या गाडीत आपण पेट्रोल भरायचं नाही, असा कायदा. रिचीच खिडकीशी यायचा.

"काय डॉक, अजून दुखतंय डोकं?" म्हणून हसायचा. प्रत्येक भारतीय त्याच्या लेखी डॉक्टरच.

चारुदत्तचा हात सीटखालच्या टॉमीकडे, टायर काढायच्या लोखंडी कांबीकडे जायचा आणि त्याच क्षणी कवटीत सुरुंग फुटायचा. डोळे मिटून तो म्हणायचा, "फुल."

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. शेवटी ऑफिसातला प्रल्हाद त्याला न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये लाऊ नावाच्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेला. टॉमीचं प्रल्हादला ठाऊक नव्हतं.

लाऊने सिगरेट विझवली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "घरी सासू आहे?"

"नाही."

"मग डोकं कशाने दुखतं?"

त्याने चारुदत्तला पालथं पाडलं आणि कवटीखालच्या खळग्यांत दोन्ही अंगठे खिळ्यासारखे ठोकले. चारुदत्त गुरासारखा ओरडला. मग शिंगाच्या तुकड्याने मान इतकी खरवडली की कातडी काळीनिळी झाली.

"अरे यार, हा डोकं दाबतोय की फोडतोय?" प्रल्हाद म्हणाला. "आमच्या नागपूरचा न्हावी बरा!"

निघताना लाऊने मुळ्या, साली आणि वाळलेले विंचू कागदात बांधून दिले.

"तू शाकाहारी ना रे?" प्रल्हादने विचारलं.

"होतो," चारुदत्त म्हणाला.

तो दर शनिवारी जात राहिला. काढा उकळला की घरभर जळक्या चामड्यासारखा वास सुटायचा. नाक दाबून तो घोट घोट गिळायचा. नीलाच्या फोटोसमोर बसून गिळायचा. दुखणं आधी डोळ्यांमागून गेलं, मग कपाळातून, आणि एका सकाळी उठला तर कुठेच नव्हतं.

दुपारी तो गॅस स्टेशनवर गेला.

"काय डॉक..."

चारुदत्तने दार धाडकन उघडलं. ते रिचीच्या गुडघ्यांवर बसलं. टॉमीचा पहिला घाव खांद्यावर पडला, दुसरा मनगटावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं. रिचीच्या हातातली पंपाची नळी सुटली, पेट्रोल जमिनीवर वाहू लागलं आणि रिची त्यात डोक्यावर हात घेऊन लोळू लागला. चारुदत्तने टॉमी डोक्यासाठी उचलली. डोळे मिटून तो सवयीने सुरुंगाची वाट पाहू लागला.

काहीच फुटलं नाही. डोकं स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छ डोक्यात त्याला पहिल्यांदाच तो आवाज ऐकू आला. नीलाच्या डोक्यावर बॅट बसली तेव्हाचा. देवापुढे नारळ फुटतो तसा. इतके दिवस डोकेदुखीने तो दाबून ठेवला होता. आता टॉमी खाली आली की तोच आवाज पुन्हा येणार होता, आणि या वेळी त्याच्याच हातून.

तो किंचाळला आणि टॉमी स्वतःच्याच गाडीच्या काचेवर घातली. काचेचा चुरा होईपर्यंत मारत राहिला. मग पेट्रोलमध्येच बसला.

पोलीस आले. बेड्या घालून घेता घेता चारुदत्तने सगळं सांगितलं. बॅट रिचीच्या हातात होती, डाव्या हातात. नीला गाडीच्या दारापाशी होती, हातात कोथिंबिरीची पिशवी होती. तिने "अहो" एवढंच म्हटलं.

पोलिसाने लिहायचं थांबवलं. "हे कोर्टात का नाही सांगितलंस? एकदा सुटला की त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. आता त्याला कुणी हात लावू शकत नाही."

"तेव्हा डोकं दुखत होतं," चारुदत्त म्हणाला.