दोर धरणारा भाऊ

"दोर धरणार कोण?" शाळेच्या आवारातल्या उंच झाडाखाली केंपम्मानं विचारलं आणि नववीची पोरं एका सुरात म्हणाली, "मास्तर."

उमाकांत मास्तर सकाळपासून हवेतच होते. साल अठ्ठावन्न. आदिवासींवर पुस्तकात दोनच ओळी, त्याही 'नाहीशा होत चाललेल्या' लोकांच्या. "नाहीसे कसे? माझ्या ओळखीचे आहेत," म्हणत त्यांनी मागडीच्या डोंगरातून इरुळिग जमातीच्या एका नवराबायकोला बसनं थेट शहरात, मल्लेश्वरमला आणलं होतं. केंपम्माचा नवरा मादय्या मधाच्या पोळ्यापर्यंत चढून दाखवणार होता. पोळं रिकामं होतं, पण पोरांची तोंडं आतापासूनच गोड झाली होती.

"दोर बायकोचा भाऊच धरतो," केंपम्मा कन्नडमध्ये म्हणाली. "बहीण विधवा होईल म्हणून त्याचा हात सुटत नाही. माझा भाऊ आता दगडाच्या खाणीत जातो. जंगलातला मध कंत्राटदाराचा झाला ना. भावाला खाणीतून सुट्टी नाही मिळाली."

"अगं, स्वल्प चढून दाखवायचं आहे फक्त."

"पडला तर स्वल्पच पडेल का?"

पोरं हसली. मास्तरही हसले. "सरी, ठीक. आजपासून मी तुझा अण्णा, तुझा भाऊ."

"संध्याकाळपर्यंत, की कायमचा?"

मास्तरांनी एकदा वर पोळ्याकडे पाहिलं. मग "कायमचा" म्हणाले आणि त्यांनी दोर हातात घेतला.

मादय्या सरसर वर गेला. मध्येच त्याचा पाय निसटला. दोराला हिसका बसला, मास्तरांचे तळवे सोलून निघाले, पण हात सुटले नाहीत. तो खाली उतरला तेव्हा पोरांनी आवार डोक्यावर घेतलं. असा तास मास्तरांनी आयुष्यात घेतला नव्हता आणि ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

बसची वेळ झाली तरी केंपम्मा हलेना. "अण्णाच्या घरचं पाणी न पिता जाऊ?"

मास्तरांच्या घरी आईचं कडक सोवळं होतं. तरी ते निघाले. मागे केंपम्मा, मादय्या आणि अख्खी नववी.

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली.

"आई, ही माझी बहीण," मास्तर म्हणाले.

केंपम्मानं कुणी न सांगता पायरीखाली वाकून ओंजळ पुढे केली. शिवाशिव होऊ नये म्हणून आईनं तांब्या उंच धरला.

पोरं पाहत होती. मास्तर पायरी उतरले, केंपम्माच्या शेजारी वाकले आणि त्यांनीही ओंजळ केली.

"आई, मलाही असंच."

आईनं आधी केंपम्माच्या ओंजळीत पाणी ओतलं. मग तेवढ्याच उंचीवरून लेकाच्या.