लेबल न खरवडलेली बाटली

साहेब, तुम्ही मला पकडलंत आणि माझ्यात विष भरणाऱ्याला सोडलंत. मला चिठ्ठी बांधून पोलीस ठाण्याच्या कपाटात कोंडलंत. तो तिकडे कॅम्प चारच्या वस्तीत बिनधास्त बाटल्या भरतोय.

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे. माझ्यात बर्बन होती, म्हणजे आतून जाळलेल्या लाकडी पिंपात मुरवलेली मक्याची अमेरिकन व्हिस्की. माझा कारखाना छोटा. चार-सहा पिंपं मिसळून एक खेप काढायचा, किंमतही आवाक्यातली ठेवायचा. खेपेचा नंबर लेबलवर हाताने लिहिलेला. त्याचा मला केवढा तोरा!

खरवई गावातल्या हरिचंद्रला त्याच्या जावयाने मला भेट दिलं. रविवारी दुपारी त्याने बूच काढलं, बोट बुडवून चार थेंब वाडवडिलांच्या नावाने जमिनीवर शिंपडले आणि मग पेल्यात नाक घातलं.

"चिमे, काकवीचा वास गं! आन् मागून काहीतरी करपल्यावानी."

"दूध करपलं तवा माझ्यावर खेकसलात," त्याची बायको म्हणाली, "आन् आता करपल्याचा वास घेऊन खुश?"

तीन रविवार त्याने मला पुरवून पुरवून प्यायलं.

चिमीची एक सवय होती. रिकामी बाटली भंगारात देण्याआधी ती काथ्याने लेबल खरवडायची आणि दगडावर मान फोडायची. माझ्या वेळी हरिचंद्रने तिचा हात धरला. "एवढी देखणी बाटली फोडतेस?"

मी वाचले. मला आनंद झाला, मित्रांनो. आज त्याच आनंदाची लाज वाटते. वर्षभर शोकेसमध्ये मिरवले. मग घराला रंग द्यायचं निघालं आणि मी खोक्यासकट, बुचासकट भंगारवाल्याकडे गेले.

त्याने मला कॅम्प चारच्या एका खोलीत विकलं. तिथल्या माणसाने माझ्यात ड्रममधलं तपकिरी पाणी ओतलं. नवं सील लावलं. मी तेव्हाच तडकायला हवं होतं. नाही तडकले.

कॅम्प पाचमधल्या संतोषने मला विकत घेतलं. तो जीन्सच्या कारखान्यात कटिंग करायचा. बहिणीचं लग्न जमलं होतं, आयुष्यात एकदा चांगली प्यावी म्हणून मला आणलं. आधी वास घ्यायचा, मग थेंबभर पाणी घालायचं, हे तो मोबाइलवर बघून शिकला होता.

"सोनिया, थिनरसारखा वास मारतेय यार."

"लेबल बघ ना! असली माल असाच असणार. तुला क्वार्टरची सवय, तुला काय कळतंय?" बायकोने त्याला चिडवलं.

संतोषने मला फिरवलं, तो हाताने लिहिलेला नंबर वाचला आणि हसून पेला तोंडाला लावला. स्वतःच्या नाकापेक्षा त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याला कापडावरची खडूची रेघ दिसेना. दवाखान्यात जीव वाचला, नजर गेली. "लेबल बघ असं मीच बोलले," सोनिया ज्याला त्याला सांगते. नाही गं बाई, ते मी बोलले होते. तुझ्या तोंडून.

मित्रांनो, बाटली रिकामी झाली की लेबल खरवडा, मान फोडा. देखणी असेल तर सगळ्यात आधी फोडा.

आणि साहेब, आज सोनिया संतोषचा हात धरून तुमच्या टेबलासमोर उभी आहे. "तपास चालू आहे" हे तिला पाठ झालंय. मला कपाटातून काढा, या दोघांच्या मध्ये ठेवा आणि सांगा: त्या खोलीचा पत्ता तुमच्या प्रत्येक शिपायाला माहीत असताना तुम्ही आजवर तिचं दार का ठोठावलं नाही?