ओली भिंत

केशरबाईनं खुरपं भिंतीत खुपसलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं. तिनं ते तसंच राहू दिलं आणि मागं वळून विष्णुपंतांकडं पाहिलं.

"बगितलं का मास्तर? कायबी जोर लावला न्हाई."

"दोन दिवस घरात कमरेइतकं पाणी होतं. भिंत ओली असणारच." विष्णुपंत उंबऱ्यातच उभे होते. पुणतांब्याच्या मराठी शाळेचे ते हेडमास्तर, आणि शाळेची भिजलेली दप्तरं वाळत घालून आधीच वैतागलेले. "म्हणून तर तुला बोलावलं. लिंपून दे आणि वरून पांढरी माती फिरव. रविवारी बारसं आहे, व्याही येणार."

"लिंपून काय हुनार? आतून चिखल झालाय. ही भित पाडाया लागंल."

"बाळंतिणीच्या खोलीची भिंत पाडू? भाद्रपदातल्या वाऱ्यात?"

कोपऱ्यातल्या बाजेवर शोभा, त्यांची लेक, सात दिवसांच्या मुलीला पदराखाली घेऊन पडली होती. गोदावरीचं पाणी घरात शिरलं तेव्हा तिला नववा महिना भरला होता. शेजाऱ्यांच्या माडीवर ती बाळंत झाली आणि पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी तिला या खोलीत आणलं. बाज अगदी भिंतीला लागून होती. भिंत वाळावी म्हणून खाली शेगडी पेटवून ठेवलेली.

"ती शेगडी आदी उचला," केशरबाई म्हणाली. "वरून कवच धरतंय आन् पानी आत कोंडतंय. बाजबी हलवा."

"कुठं हलवू? माजघरात अजून घोट्याएवढा गाळ आहे. देवघर तेवढं उंचावर म्हणून कोरडं राहिलं, पण घरात सोयर आहे. तुला लिंपायला सांगितलंय, तेवढं कर. नाहीतर बन्सी आहे. तो दोन दिवसांत करून देतो म्हणालाय."

केशरबाईनं खुरपं उपसलं, पदराला पुसलं आणि निघाली. बोलून बोलून तिचा घसा बसला होता. पुरानंतर नऊ घरांत तिनं हेच सांगितलं होतं, की आधी वाळू द्या, खालचं सडलेलं खरवडून काढा, मग माती लावा. नऊही घरांत तिला एकच विचारलं गेलं होतं, की किती दिवसांत होईल.

घरी गोरक्ष, तिचा नवरा, ओट्यावर पाय लांब करून मातीत कालवायचा गवताचा भुसा निवडत होता. गावातल्या निम्म्या भिंती एके काळी त्याच्या हातच्या होत्या. आता डावा पाय गुडघ्यातून वळत नव्हता.

"केलंस का मास्तराचं?"

"न्हाई केलं. भितीचं पोट सुटलंय. उभी हाय ह्येच नवल."

"मग न्हाई म्हनून सांगायचं आन् सोडून द्यायचं."

"म्या सोडलं तर बन्सी येतोय की. त्याला काय, तो चिखलावरबी चिखल थापंल." तिनं पाटी आपटली. "आन् बाळंतीन हाय तितं. भितीला खेटून निजलीय."

गोरक्षचा हात थांबला. सहा वर्षांपूर्वीच्या पुरात एका वाण्याच्या दुकानाची भिंत अशीच ओली होती. वाणी घाई करत होता आणि केशरबाईनं तिच्यावर गिलावा चढवला होता. वरून सुरेख दिसत होती. तिसऱ्या दिवशी गोरक्ष पलीकडं फळी ठोकत असताना ती त्याच्या पायावर कोसळली. त्या दिवसापासून दोघांपैकी कुणीही त्याबद्दल बोललं नव्हतं. गोरक्षनं कधी तिला दोष दिला नाही, आणि याचाच तिला कधीकधी जास्त राग यायचा.

"मास्तर सकाळच्या गाडीनं कोपरगावला जानार हाय," तो भुश्याकडं बघत म्हणाला. "शाळंची नासलेली दप्तरं दाखवाया. सांजंपत्तुर यायचा न्हाई."

"मग?"

"मग काय. तुला कळतंय त्ये कर."

सकाळी केशरबाई पहार खांद्यावर टाकून गेली. काकू, विष्णुपंतांची बायको, परसात पुरात बुडालेली धुणी पुन्हा धूत होत्या. तिसऱ्यांदा धुऊनही गाळाचा वास जात नव्हता.

"केशर, ते घरी नाहीत गं. ते आल्यावर बघू."

"काकू, हात आना हिकडं."

तिनं काकूंचा ओला हात धरून आत नेला आणि भिंतीवर टेकवला. मग वर, तुळईच्या खाली, बोट दाखवलं. तिथं करंगळी जाईल एवढी फट पडली होती.

"काल नव्हती ही," काकू म्हणाल्या.

"हुती. सुताएवढी हुती."

"पण त्यांना विचारल्याशिवाय..."

"ईचारा की. कोपरगावला आवाज जात आसंल तर ईचारा." केशरबाईचा संयम सुटत चालला होता. "काकू, आमच्या घरच्याचा पाय कशानं गेला ठावं हाय ना? भित पडली म्हनत्यात समदी. ती भित म्या लिंपली हुती. वली हाय ठावं असून लिंपली. वानी घाई करत हुता, म्हनून. आता दुसऱ्यांदा न्हाई करायची म्या."

शोभा बाजेवर उठून बसली होती. ती आईकडं बघत होती. काकूंनी हात लुगड्याला पुसले, दोघींपैकी कुणाकडंच न बघता देवघरात गेल्या आणि देव्हाऱ्यावर धूतवस्त्र टाकून आल्या.

"चल," त्या लेकीला म्हणाल्या.

"आई, देवघरात? सोयरात?"

"देवांचं मी बघते. तू चल."

बाळंतीण आणि बाळ देवघरात गेली. मागोमाग बाजही नेली. माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता, ही भिंत नुसती आडोशाची, म्हणून छताची भीती नव्हती. केशरबाईनं मधोमध पहार घातली आणि रेटा दिला. काकूंनीही पदर खोचून पहारेला हात लावला. चौथ्या रेट्याला भिंत परसात गेली. आवाज फारसा झाला नाही. पिठाचं ओझं खाली टाकावं तसा दबका धप्प आवाज. खालचा हातभर भाग तर मळलेल्या कणकेसारखा ढिगात सपाट होऊन पसरला.

काकूंनी पायाच्या अंगठ्यानं तो ढीग दाबून बघितला. मग म्हणाल्या, "पाणी देऊ का तुला?"

दिवस मावळता विष्णुपंत आले. बाळंतिणीच्या खोलीतून त्यांना थेट परसातली पपई दिसली.

"हे कुणी केलं?"

"मी सांगितलं," काकू म्हणाल्या.

"तुला काय कळतं त्यातलं? आणि हिला तरी काय कळतं?" ते केशरबाईकडं वळले. ती परसात माती पसरून ठेवत होती, म्हणजे निदान वाळेल. "पडली नसती ती भिंत. पन्नास वर्षं उभी होती."

केशरबाईनं हातातला चिखलाचा गोळा पायाशी ठेवला. पडलेली भिंत दाखवता येते. न पडलेली कशी दाखवायची?

"पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

"बरं," ती म्हणाली. "पहार तेवढी आत ऱ्हायलीय. आमची हाय."

रविवारी बारसं झालं. उघड्या बाजूला सतरंज्या टांगल्या होत्या. व्याह्यांनी काय झालं म्हणून विचारलं तेव्हा पुरानं गेली, असं विष्णुपंतांनी सांगितलं म्हणे. नवी भिंत बन्सीनं घातली. केशरबाई गल्लीतून जाता-येता बघायची. एक थर वाळायच्या आत दुसरा चढत होता. "वाळू दे रे जरा," ती एकदा म्हणालीच. बन्सी हसला. घरधन्याला न विचारता भिंती पाडणारी बाई म्हणून तिचं नाव झालं होतं, आणि ठरलेल्या नऊ घरांपैकी चार घरांनी निरोप धाडले होते, की राहू दे.

दिवाळीनंतर ती स्टेशनच्या वाटेवर बनुबाई म्हातारीच्या घराला खाली बसून गिलावा करत होती. हे घर नीट वाळलं होतं, म्हणून कधी नव्हे ते तिचं चित्त शांत होतं. इतक्यात मागं बैलगाडी थांबली. गाडीत विष्णुपंत, ट्रंक आणि शोभा. लेक सासरी निघाली होती.

शोभा खाली उतरली. चालत आली आणि मुलीला केशरबाईच्या मांडीवर ठेवलं.

"आवो ताई, माज्या अंगाला माती..."

"असू दे."

केशरबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात होते. तिनं ते दोन्ही बाजूंना लांब धरले, मुलीला लागू नयेत म्हणून. मुलगी जागी होती. तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती.

गाडीत विष्णुपंतांनी खिशातलं घड्याळ काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. गाडीवानाला त्यांनी गाडी हाकायला सांगितलं नाही. केशरबाईच्या बोटांवरून माती थेंबाथेंबानं खाली गळत होती आणि हात भरून आले तरी ती ते तसेच धरून बसली होती.