शेवटचा बोल्ट

"कोणत्या महिन्यात?" ताहरनं विचारलं आणि वही उघडली.

टोरांटोच्या सीएन टॉवरचा शेवटचा बोल्ट मी आवळला, हे मी पन्नास वर्षं सांगतोय. महिना आजवर कुणी विचारला नव्हता.

"आता आठवत नाही, प्रोफेसर," मी म्हटलं.

माणूस संशयास्पदच. नॉर्थ यॉर्कच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अकराव्या मजल्यावर राहणारा हा ट्युनिशियाचा म्हातारा म्हणे आधी इतिहासाचा प्राध्यापक होता, मग मंत्री झाला. मंत्री कधी बेसमेंटमध्ये स्वतःचे मोजे धुवायला येतो? वर आम्हा म्हाताऱ्यांच्या हकिगती लिहून लायब्ररीत ठेवणार!

"अहो, तुमचं बिंग फुटेल म्हणून त्याच्यावर डाऊट घेताय," उमा म्हणाली.

"थाप दर वेळी वाढते. त्याला परत परत विचारतो, बघच तू."

विचारलं. पहिल्यांदा त्याच्या दिमतीला दोन गाड्या होत्या. पुढच्या आठवड्यात एकच. तिसऱ्यांदा म्हणाला, "गाडी बऱ्याचदा बंद असायची." गोष्ट आटत चालली होती! माझा संशय दुप्पट झाला.

शेवटी लॉन्ड्रीत गाठलं. "मंत्री म्हणून सगळ्यात मोठं काम कोणतं केलंत?"

त्यानं शर्टाची घडी घातली. "एक दफ्तरखाना बंद केला. आतले कागद वरच्यांना अडचणीचे होते. माझेच विद्यार्थी अडवायला दारात उभे होते. सही माझी."

"हे कुणाला कशाला सांगता?"

त्यानं वहीचं पहिलं पान दाखवलं. तारखेसकट लिहिलेलं होतं.

जन्मभर थापा मारल्या, पण स्वतःला लहान करणारी एकही मला सुचली नव्हती.

गुरुवारी पार्टी रूममध्ये सगळे जमले. शेजारची चित्रा ओरडली, "काका, बोल्टची होऊन जाऊ दे!"

मी उभा राहिलो. "बोल्ट मी आवळला नाही. टॉवर पुरा झाला तेव्हा मी ओकव्हिलच्या गोदामात खोकी चिकटवत होतो. इंजिनियरची डिग्री ट्रंकेत होती. गावी आईला काय कळवणार? म्हणून बोल्ट."

हशा पिकला. "काका, ही नवीन एकदम बेस्ट आहे!" चित्रानं टाळ्या वाजवल्या. उमा तेवढी खाली बघत होती.

ताहर हसला नाही. त्यानं पट्टी ठेवून वहीतली एक ओळ नीट खोडली.

"गोदामात कधी लागलात? कोणत्या महिन्यात?"

"फेब्रुवारी," मी म्हटलं. "हातमोजे नव्हते."

त्यानं लिहून घेतलं.