सर्व्हरबाबांचा हात

इस्पितळाच्या तळघरात सगळे चपला काढून उभे होते. आत बाहेरून बोलावलेले संगणकतज्ज्ञ, म्हणजे सगळ्यांचे सर्व्हरबाबा, मशीनवर हात ठेवून बसलेत, असं अधीक्षक कुजबुजत सांगत होते. दार बंद, कारण परक्या नजरेनं मशीन बुजतं म्हणे! थोड्या वेळानं बाबा बाहेर आले आणि रक्तपेढीचा रडतखडत चालणारा संगणक सुसाट पळू लागला. अधीक्षकांनी हात जोडले. प्रोग्रामर बाईंचं मात्र पित्त खवळलं.

"मशीनचा जीव गुदमरतो हो," बाबा टाय सारखा करत म्हणाले. "माझी ऊर्जा मिळाली की मोकळं होतं. पुन्हा लागेलच."

"आत टाइप काय केलंत?"

"श्रद्धा नसली की असले प्रश्न पडतात."

अधीक्षकांनी बाईंनाच झापलं.

आठवडा सरतो न सरतो तोच संगणकानं पुन्हा मान टाकली. नेमकी तेव्हाच एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, आणि तिच्यासाठी जुळवलेली रक्ताची पिशवी कुठली, हे पडदा सांगेना.

"बाबा निघालेत," अधीक्षक म्हणाले.

"तोवर तिनं काय करायचं?" बाई कडाडल्या. सगळ्यांदेखत त्यांनी एक ओळ टाइप केली. संगणक पळाला, पिशवी सापडली, नर्स ती घेऊन धावली.

"ही तुमच्या बाबांची ऊर्जा! डेटाबेसची मेमरी कचऱ्यानं भरते, ती झाडली की चार दिवस बरं चालतं. कचरा होणंच थांबवलं, तर बाबांना बोलावणार कोण?"

"पण कचरा येतो कुठून?" अधीक्षकांनी विचारलं.

"आपला प्रोग्राम डेटाबेसला माहिती विचारताना पेशंटचा नंबर प्रश्नातच चिकटवतो. नंबर बदलला की डेटाबेसला वाटतं, प्रश्नच नवा. मग तो नव्यानं वाचा, कसं शोधायचं ते नव्यानं ठरवा, वर साठवूनही ठेवा! त्याऐवजी नंबरची जागा मोकळी सोडायची आणि नंबर वेगळा द्यायचा. प्रश्न एकच राहतो, ठरलेली वाट सगळ्यांना चालते. याला बाइंड व्हेरिएबल म्हणतात. हा बदल करायची कधीची परवानगी मागतेय, तुम्ही म्हणता बाबांना विचारतो!"

इतक्यात बाबा पोचले. "मी गाडीतूनच ऊर्जा सोडली होती!"

अधीक्षकांची मान डोललीसुद्धा!

बाईंनी कुणाला न विचारता प्रोग्राम दुरुस्त केला. संगणक पुन्हा अडला नाही. बाळंतीण वाचली. पण बाबांची वाट पाहत बसलो असतो, तर ती गेली असती आणि आपण नशिबाला बोल लावून मोकळे झालो असतो. जो आपलं काम चारचौघांत करून दाखवत नाही, त्याच्या हाती कुणाचा जीव देऊ नका. आधी विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.